साळूबाईचं गलोर

"आवं, लय म्हनू नगा! कितींदा सांगायचं तुमास्नी?"

"मग काय म्हनू? चरवी भरून वर फेस आलाय. ह्येला कमी म्हनू?"

"कमी बी म्हनू नगा. हाय आपलं, म्हना. रेडकाला पुरतंय, म्हना. आन् म्हशीच्या म्होरं उबं ऱ्हाऊन तर कायबी म्हनू नगा."

साळूबाई म्हशीखाली उकिडवी बसली होती, दोन्ही गुडघ्यांत चरवी धरून. नवरा ज्ञानू पलटणीतनं रजेवर आलेला. दावणीच्या खुंट्याला पाठ लावून बिडी ओढत तो तिची गंमत बघत होता. मागच्या रजेत हाच गडी पारावर चार माणसांत बसून म्हणाला होता, "आमची म्हस लय दूध देती." लगोलग म्हशीच्या सडाला गाठ आली, कास दगडागत झाली आणि पुढं महिनाभर घरात चहाला दूध मिळालं नव्हतं. तेव्हापासून साळूबाईनं दूध आणि नवरा यांना एकमेकांपासून लांबच ठेवलं होतं.

उंब्रजेच्या वरच्या अंगाला, तारळीच्या काठावर त्यांची वाडी. तिकडं भरभराट तोंडानं बोलत नाहीत. खळ्यावर पहिलं माप पडलं की मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. पोतं रिकामं झालं तर ते 'संपलं' नाही, 'वाढलं'. जास्त झालेलं सांगायचं नाही आणि सरलेलं तर मुळीच नाही. दोन्हीच्या मधल्या बोळातनं जीभ चालवायची. साळूबाईच्या सासूचं नावच धोंडुबाई. तिच्या आधीची भावंडं पाळण्यात गेली, म्हणून आईबापानं ही झाल्याबरोबर तिला धोंडा म्हटलं. धोंड्याला कोण दिष्ट लावतंय? धोंडुबाई जगली, आणि वाडीतल्या बायका अजून तो दाखला देत होत्या.

ज्ञानूनं बिडी विझवली आणि म्हणाला, "मग इंग्रजीत म्हन. दिष्टीला इंग्रजी कुठनं येतंय?"

"मला तरी कुठं येतंय?"

"येक सबूद घे. गलोर."

"काय?"

"गलोर. बेळगावात आमच्यावर येक सारजंट हुता, लाल तोंडाचा. इंग्रज न्हवं, आयरिश. त्येचं गाव बी आपल्यावानीच, पावसाचं आन् मेंढरांचं. त्यो हरेक गोष्टीला म्हनायचा गलोर. चपात्या गलोर. चिखल गलोर. ढेकनं गलोर."

"म्हंजी?"

"म्हंजी मोप. रग्गड. उचलता सरंना येवडं. आदी वस्तूचं नाव घ्यायचं, आन् मागनं ह्यो सबूद सोडायचा, बैलामागं आसूड वढल्यागत. दूध गलोर."

साळूबाईनं धार थांबवली. "ढेकनास्नी बी त्योच आन् दुधाला बी त्योच?"

"त्येला काय त्येचं! बरं-वाईट त्यो बघत न्हाई. जे मोप असंल त्येला लागतोय."

"कसला बाई बिनहिशेबी सबूद," असं म्हणून ती पुन्हा वाकली. पण म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून, म्हशीलाच ऐकू जाईल अशा आवाजात तिनं तो एकदा म्हणून बघितला. म्हशीनं कान हलवले. लाथ काही मारली नाही.

त्या रजेचा शेवट झाला आणि ज्ञानू 'येतो' म्हणून गेला. 'जातो' कुणी म्हणतच नाही. शब्द मात्र घरी राहिला. दीर नाथाजी वैरणीला लावायचा, सासू शेंगांना लावायची. शेजारच्या सुलाबाईनं कुडावरनं एकदा ऐकलं, "म्हशीला गलोर हाय," आणि ती बिचारी सांजच्याला हिंगाची पुडी घेऊन आली. म्हणाली, आमच्या बी बैलाला मागं झालं हुतं, हिंगानं उतरतंय. साळूबाई आणि सासू तोंडाला पदर लावून हसल्या. ज्याला कळायला नको त्याला कळत नव्हतं, म्हणजे शब्द कामाचा होता.

पलटण लढाईवर निघाली आणि ज्ञानू बोटीवर चढला त्या सुमाराला साळूबाईला दिवस गेल्याचं पक्कं झालं. पौषात मुलगा झाला. सुईण मनुबाई पाचवीला आली, तिनं दारातनंच विचारलं, "अंगावर दूध हाय का गं?" साळूबाई म्हणाली, "गलोर हाय." मनुबाईला तोवर शब्द ठाऊक झालेला. ती गालात हसली, पोराच्या गालाला काजळाचा ठिपका लावला आणि वर आणखी एक पायाला लावला.

शिमग्याच्या आधी पोराच्या छातीत कफ भरला. दोन दिवस ते नाकपुड्या फुगवून श्वास घेत होतं. एका दुपारी थांबलं. ऊन चांगलं पडलं होतं, नाथाजी मळ्यात होता, आणि धोंडुबाई चुलीवर ओव्याचा शेक तापवत होती तो तसाच राहिला.

पोर गेलं हे दुधाला कुणी सांगितलं नव्हतं. ते येतच राहिलं. सकाळी येई, दुपारी येई, कुणाचं तरी पोर रडल्याचं ऐकू आलं तरी येई. चोळी भिजायची, छाती तापून दगड व्हायची, अंगात हीव भरायचं. परड्यात जाऊन साळूबाई मातीत पिळून टाकायची आणि वर माती लोटायची. मनुबाई म्हणाली, "जाईची फुलं बांदली म्हंजी आटतंय. पर शिमग्याला कुठली आली जाई?" मग ती गप्प बसली, आणि गप्प बसलेली मनुबाई काहीतरी मनात घेऊन बसलेली असायची.

"सांगलीला येक घर हाय," ती म्हणाली. "जैनाचं. तवनाप्पा म्हनून हळदीचं व्यापारी. सून बाळात झाली आन् तापानं मिरजंच्या दवाखान्यात पडलीया, पोट फाडलंय म्हनं तिचं. नातू हाय मांजराच्या पिलायेवडा. शेळीचं दूध दिलं, गाईचं दिलं, समदं वकून टाकतोय. बाई शोदत्याती."

धोंडुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "जा. मातीत वतन्यापरीस येकांद्याच्या पोटात गेलेलं बरं."

तवनाप्पांचं घर पेठेच्या मागच्या बाजूला. घरात शिरताच हळदीचा वास. उंबऱ्यावर, कपड्यांच्या घड्यांवर, माणसांच्या तळहातावर हळद. पोराची दुपटीसुद्धा पिवळी. तवनाप्पांच्या बायकोला सगळे आक्का म्हणायचे. नाव त्रिशला, पण ते फक्त देवळात. आक्का आडव्या अंगाच्या, कडक बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले.

"दिवस बुडायच्या आत जेवायचं गे. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं न्हाई. कांदा न्हाई, लसूण न्हाई, जमिनीखाली वाढतंय ते कायबी न्हाई, वाळवलेली हळद सोडून. तू खाशील ते त्याच्या अंगात जाणार."

साळूबाई लसणाच्या ठेच्यावर वाढलेली. पहिले काही दिवस तिला जेवल्यासारखंच वाटेना. ताटावरनं उठली तरी जीभ कायतरी शोधत राहायची. पण तिनं नियम मोडला नाही.

पोराचं नाव धन्यकुमार ठेवलेलं. नाव अंगापेक्षा मोठं होतं. मान धरत नव्हतं, नरडीची घाटी तांदळाच्या कणीएवढी. साळूबाईनं त्याला पहिल्यांदा घेतलं ते भिंतीकडं तोंड करून. भिंतीकडंच बघत पाजलं. दुसऱ्या दिवशीही भिंतच. मनात म्हणायची, दूध देतीया ते देतीया, बघायचं काय त्यात. असं करता करता कधीतरी मान खाली गेली. पोर वर बघत होतं. एक डोळा झाकून, एका डोळ्यानं, बाजारातलं गिऱ्हाईक मालाकडं बघतं तसं. साळूबाईला हसू आलं आणि मग भिंत सुटली ती सुटलीच.

रोज दिवेलागणीला आक्का दारात उभ्या राहून विचारायच्या, "हाय का गे अंगावर?"

साळूबाई रिवाजाप्रमाणं म्हणायची, "हाय आपलं."

आक्का तेच घोळत आत जायच्या. हाय आपलं म्हणजे काय? पुरतंय की न्हाई? त्यांनी एकदा गुपचूप शेळीचं दूध परत सुरू केलं आणि पोरानं सगळं ओकून डोळे पांढरे केले. घरात धावपळ झाली. तवनाप्पा अनवाणी वैद्याकडं धावले. पोर सावरल्यावर साळूबाई चिडून म्हणाली, "आक्का, मला विचारायचं तरी हुतं!"

"विचारते की रोज! तूच तोंड वाकडं करून हाय आपलं म्हणतीस!"

"मग काय लय हाय म्हनू? आन् दिष्ट लागली म्हंजी?"

आक्का खाली बसल्या. हे मात्र त्यांना पटलं. दिष्ट जैनांच्या घरात चप्पल काढून येत नाही, येते तशीच येते. मग साळूबाईनं त्यांना तो शब्द सांगितला, सारजंटासकट आणि ढेकणांसकट. आक्का आधी तोंडात पदर कोंबून हसल्या आणि मग मोकळ्याच हसल्या. सून दवाखान्यात गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. तवनाप्पा बाहेरनं विचारत आले, काय झालं, काय झालं. त्यांनाही सांगावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते अडत्याशी बोलताना आवक गलोर, जावक गलोर म्हणू लागले, आणि अडत्याला वाटलं म्हाताऱ्यानं युद्धात कसला तरी नवा ठेका घेतला.

"हाय का गे?"

"गलोर हाय, आक्का."

एवढं झालं की आक्का चूळ भरल्यासारखा सुस्कारा सोडून देवाजवळ दिवा लावायला जायच्या. पोर बाळसं धरत गेलं. मनगटाला वळी पडली. घरच्या पोराच्या मनगटाला वळी पडायची राहून गेली होती, हे साळूबाईला ती वळी पुसताना आठवायचं. मग ती जरा जास्तच वेळ पुसत बसायची.

आक्का एकदा बोलता बोलता म्हणाल्या, त्यांच्या माहेरी एका बाईचा भाऊ गेला, त्या दुःखात तिनं पोराला पाजलं आणि पोर आठ दिवसांत वाळून गेलं. "दुःखाचं दूध इख असतं गे. नाहीतर आटून तरी जातं." साळूबाईनं मान हलवली. तिच्याही वाडीत असंच म्हणत.

आषाढात नाथाजी सांगलीला आला.

साळूबाई पोराला काखेत घेऊन मागल्या सोप्यात आली तर तो तवनाप्पांच्या बैठकीतनं बाहेर येत होता. मागं आक्का. आक्कांनी तिला बघितलं आणि लगेच पाठ करून आत गेल्या. नाथाजीनं पटक्याचा शेव तोंडावरनं घेऊन कानामागं खोचला होता.

"भावजी, कवा आलासा? आन् ह्ये काय?"

"दाढ दुखतीया, वयनी."

"लवंग धरा की."

"धरलीया."

"आत्याबाई?"

"बऱ्या हायती. चालत्या-फिरत्या हायती."

"म्हस?"

"म्हस बी बरी हाय. तुमच्याबिगर जरा नाटकं करती."

तिसरं विचारायचं ते विचारायच्या आधीच पोरानं हात लांब केला. त्याला नुकतंच धरायचं समजायला लागलं होतं. जे दिसेल ते मुठीत. त्यानं पटक्याचा शेव धरला आणि ओढला.

नाथाजीला आकडेबाज मिशी होती. यात्रेत तिच्यावर लिंबू ठेवून दाखवायचा. त्या जागी आता ओठ होता. साळूबाईनं तो ओठ कधी बघितलाच नव्हता. उन्हाचं तोंड न बघितलेला, भाकरीच्या पिठासारखा पांढरा.

मिशी अशी उतरत नाही. बाप गेला तर उतरते. आई गेली तर उतरते. पाठीमागं पोरबाळ न ठेवता थोरला भाऊ गेला तर धाकटा उतरवतो. सासरे साळूबाईच्या लग्नाआधीच गेलेले. आत्याबाई बऱ्या होत्या, चालत्या-फिरत्या होत्या.

नाथाजी जागच्या जागी उभा. डोळे तिच्याकडं नव्हते. आत भिंतीआड आक्का श्वास धरून उभ्या होत्या, त्यांच्या काकणांचा एक बारका आवाज झाला आणि थांबला.

साळूबाईनं पोराची मूठ सोडवली. पटक्याचा शेव उचलला आणि स्वतःच्या हातानं नाथाजीच्या तोंडावरनं घेऊन कानामागं खोचला.

"नीट बांदा भावजी," ती म्हणाली. "वारं लागंल दाढंला."

आणि आत गेली.

पोर भुकेनं किरकिरायला लागलं. ती कोपऱ्यात बसली. तिला वाटलं, आता येणार नाही. आलं तर इख येणार. पोर तोंड लावून ओढू लागलं, एक घटका, आणि छातीत ती ओळखीची कळ उठली. पान्हा आला. नेहमीसारखा आला. घुटक घुटक करत पोर प्यायला लागलं. साळूबाईला स्वतःच्या अंगाची अशी लाज वाटली की तिनं पदर डोक्यावरनं खाली ओढून पोरासकट तोंड झाकून घेतलं. नवरा कुठल्या परमुलखात मातीत पडला होता आणि हे अंग हिकडं वाहत होतं, जणू काही झालंच नाही.

तिनं ठरवलं असं काही नाही. ठरवायला बसायला वेळच नव्हता. फक्त एवढं तिला दिसत होतं: तोंड उघडलं तर गावाकडं जावं लागणार, पोर शेळीवर जाणार. गावाकडं नाही गेली तरी दुःखाचं दूध म्हणून आक्का त्याला तिच्याजवळ येऊ देणार नाहीत. पोर शेळीवरच जाणार. एक पोर नाकपुड्या फुगवताना तिनं बघितलं होतं. दुसरं बघायचं नव्हतं. घरच्यांनी तिच्यापासून लपवलं ते ह्याच पोरासाठी, आणि आता तिनं घरच्यांपासून लपवलं तेही ह्याचसाठी. उष्टावणापर्यंत. पेजेचा घोट पोटात टिकेपर्यंत.

रोज सकाळी करंडा उघडायचा. मेणाचं बोट कपाळाला लावायचं, वर कुंकू. आरशात कपाळ तेवढंच बघायचं, डोळे बघायचे नाहीत. हात वर जाताना ती मनात ज्ञानूला म्हणायची, "रागावू नगा. जरा थांबा." तो तसाही तिच्यावर कधी फार रागावला नव्हता.

शुक्रवारी आक्का घरातल्या आणि शेजारच्या सवाष्णींना हळदकुंकू लावायच्या. नाथाजी येऊन गेल्यावर पहिल्या शुक्रवारी त्यांनी बोटाला चिंधी गुंडाळली. म्हणाल्या, नखुरडं झालंय, ह्या खेपेला कुणालाच लावत न्हाई. पुढच्या शुक्रवारी चिंधी होतीच. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. साळूबाईनं विचारलं, "कडूलिंब बांदू का, आक्का?" आक्का म्हणाल्या, "नको गे, नको," आणि तिच्या ताटात तुपाची धार सोडली ती सोडतच राहिल्या, भात पोहायला लागेपर्यंत.

रडायची मात्र पंचाईत होती. घर माणसांनी भरलेलं, हमाल मागल्या दारानं येणार-जाणार. आपल्या घरी कांदा चिरायच्या निमित्तानं तरी बाई रडून घेते. त्या घरात कांदाही नव्हता.

दिवेलागणीला आक्का दारात यायच्या.

"हाय का गे?"

"गलोर हाय, आक्का."

एकदा विचारून झाल्यावरही आक्का गेल्या नाहीत. चौकटीला धरून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "साळू, हल्ली तू गावाकडचं काय बोलत न्हाईस गे."

"काय बोलायचं, आक्का. हाय तितं हाय समदं."

आक्कांचे ओठ हलले. साळूबाईला वाटलं, आता ह्या बोलणार. तिनं घाईघाईनं पोराला दुसऱ्या अंगाला घेतलं आणि म्हणाली, "जावा, देवाजवळ अंधार हाय." आक्का गेल्या.

भाद्रपदाच्या तोंडाला सून घरी आली. गुणमाला तिचं नाव. केस गळालेले, हाताच्या काड्या झालेल्या. तिनं पोरापुढं हात केले तर पोर साळूबाईच्या खांद्यात तोंड खुपसून ओरडलं. गुणमालानं हात मागं घेतले आणि एकमेकांवर ठेवले. तेव्हापासून साळूबाई पाजून झालं की झोपेला आलेलं पोर तिच्या मांडीवर नेऊन ठेवू लागली. आपला वास लागलेलं लुगड्याचं फडकं तिच्या खांद्यावर टाकायची. चार-आठ दिवसांत पोर फसलं, मग फसायचंही थांबलं, आणि उठल्यावर गुणमालाला बघून हसायला लागलं. साळूबाईनं ते दारातनं बघितलं आणि चुलीकडं गेली.

उष्टावण झालं. चांदीच्या वाटीतली खीर गुणमालानं बोटानं चाटवली. पोरानं आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग आईचं बोटच धरून चोखायला लागलं. सगळे हसले. चार दिवस पेज दिली, ती टिकली. गाईचं दूध पाणी घालून दिलं, तेही टिकलं.

पाचव्या दिवशी नाथाजी आला. तवनाप्पांनी निरोप धाडून बोलावलं होतं. बैठकीत साळूबाईला बोलावलं. तवनाप्पा जमिनीकडं बघत बसलेले, आक्का दाराच्या आत, गुणमाला पोराला घेऊन त्यांच्या मागं. नाथाजीनं आज तोंड झाकलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला. परत खाकरला.

"वयनी... येक सांगायचं हुतं. तवाच सांगायला आल्तो, पर..."

साळूबाईनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"मिशी आली जनू परत, भावजी," ती म्हणाली.

नाथाजीचा हात आपोआप ओठाकडं गेला आणि मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा बाप्या गडी, पाठ हलवत रडायला लागला.

आक्का पुढं आल्या. "तुला ठाव होतं? त्याच दिवशी?"

"व्हय."

"अगं मग... पाजत होतीस? आन् मी रोज विचारत होते, तू रोज..."

"हुतंच की, आक्का. खोटं न्हाई बोलले. गलोरच हुतं."

"रडली का न्हाईस गे?"

"रडले असते तर पोर कुनाला लावलं असतं तुमी?"

आक्का तिथंच खाली बसल्या. बोटाची चिंधी त्यांनी ओढून काढली. खाली बोट धडधाकट होतं. त्या बोटाकडं बघत त्या म्हणाल्या, "मी तुझं कुंकू खोट्यानं ठेवलं. दुधासाठी ठेवलं."

"मी बी त्याच्यासाटीच ठेवलं," साळूबाई म्हणाली. "जाऊ द्या."

निघायच्या वेळी आक्का सवयीनं तांदूळ आणि नारळ घेऊन बाहेर आल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. आता ओटी भरता येत नव्हती. सुपातले तांदूळ हातात तसेच. त्या वळून आत गेल्या, गड्याला हळूच काहीतरी सांगितलं, तो पेठेत जाऊन आला. आक्का परत आल्या त्या केळीच्या पानाची पुडी चिमटीत धरून, अंगापासून लांब. त्यांनी ती साळूबाईच्या पदरात टाकली. आत लसणाच्या गड्ड्या होत्या. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत लसूण त्या दिवशी पहिल्यांदा आला असेल.

पोर गुणमालाच्या कडेवर होतं. ते दुसरीकडंच, हळदीच्या पोत्यावर बसलेल्या चिमणीकडं बघत होतं. साळूबाईनं त्याला हाक मारली नाही.

सर्व्हिस मोटार उंब्रजेला पोचली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. वाडीवर धोंडुबाई ओट्यावर बसली होती. सुनेला बघून उठली नाही. "मीच म्हनलं हुतं नाथाला," ती म्हणाली, "आदी त्यांस्नी इचार, पोराचं काय. मग तिला सांग."

"बरं केलं, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी चार बायकांनी साळूबाईला तारळीवर नेलं आणि जे करायचं ते केलं. काकणं फुटली, मनुबाई तोंडातल्या तोंडात म्हणाली, "वाढली." घरी आल्यावर मनुबाईनंच कुडावरची जाई ओंजळभर तोडली, आणि साळूबाईच्या छातीला फुलं ठेवून वरनं घट्ट फडकं आवळलं. आता जाईचे दिवस होते. सगळ्या घरात वास सुटला, बाळंतिणीच्या खोलीला येतो तसा नाही, लग्नघराला येतो तसा. ती रात्र साळूबाई रडली. कुणी तिला थांबवलं नाही.

सकाळी म्हशीनं हंबरून वाडी डोक्यावर घेतली. नाथाजी चरवी घेऊन गेला आणि शिव्या देत परत आला. म्हस पाय झाडत होती, पान्हा चोरत होती. त्याच्या हाताला ती कधी सरळ आलीच नव्हती. साळूबाईनं त्याच्या हातातनं चरवी घेतली.

ती गोठ्यात गेली. म्हशीनं मान वळवून तिला हुंगलं, छातीवरची फुलं हुंगली, लसणाचा वास आलेले हात हुंगले. मोकळ्या कपाळाचं तिला काही नव्हतं. साळूबाई उकिडवी बसली, कासेवर कोमट पाणी मारलं, आणि म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं.

कुडापलीकडनं सुलाबाईचा आवाज आला. तिला काय बोलावं सुचत नसणार, म्हणून ती म्हशीचंच बोलली, "देती का गं?"

रिकाम्या चरवीत पहिली धार वाजली. मग दुसरी. तिनं चरवी गुडघ्यांत नीट दाबून धरली आणि मागच्या सडांना हात घातला.